रंगीत टर्मिनल आउटपुटसाठी सी स्ट्रिंग लायब्ररी: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५: मांडणी

लायब्ररीचे दोन भाग. पहिला वाढत जाणाऱ्या स्ट्रिंगचा, दुसरा टर्मिनलवर रंग देण्याचा. भाषा सी, बाहेरचं अवलंबित्व शून्य. नोंदींत रंगाचा कोड सुरू करणारा एस्केप बाइट (दशमान २७) ⎋ या चिन्हाने दाखवला आहे. लाल रंगाचा कोड ⎋[३१एम असा लिहू, म्हणजे एस्केप, चौकटी कंस, ३१ आणि इंग्रजी छोटं एम.

बहुतेक छोट्या रंग-लायब्ऱ्या स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांना कोड चिकटवून नवी स्ट्रिंग परत देतात. वापरायला सोपं, पण पुढची प्रत्येक क्रिया बिघडते. लांबी मोजणं, कापणं, ओळी पाडणं, तक्त्यात बसवणं, काहीच धड होत नाही. ‘नमस्कार’ घ्या. ७ कोडपॉइंट (युनिकोडमधली क्रमांकित चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत २१ बाइट. पुढे ⎋[३१एम आणि मागे ⎋[३९एम (मूळ रंगावर परत) लावले की प्रत्येकी ५ धरून ३१ बाइट. सीचं प्रिंटएफ हे छापणारं फंक्शन रुंदी बाइटांत मोजतं. डावीकडे लावून रुंदी ३० मागितली तर रंगीत ‘नमस्कार’नंतर एकही मोकळी जागा पडत नाही. बिनरंगी असेल तर ९ पडतात, आणि तेही चुकीचंच, कारण पडद्यावर हा शब्द २१ घरं (घर म्हणजे टर्मिनलवरची एका अक्षराची जागा) व्यापत नाही.

म्हणून ठरलं: स्ट्रिंगमध्ये फक्त मजकूर. शैली वेगळ्या यादीत, प्रत्येक नोंद ‘इथून इथपर्यंत, ही शैली’ अशी. एस्केप कोड लिहायचे ते बाइट बाहेर पडताना, शेवटच्या टप्प्यावर.

६ फेब्रुवारी: बफर

दोन रचना समोर होत्या. एक, पॉइंटर, लांबी आणि क्षमता यांचं स्ट्रक्ट, ६४ बिटवर २४ बाइट. दुसरी रेडिस या डेटाबेसच्या एसडीएस या स्ट्रिंग लायब्ररीची. तिथे हेडर (लांबी आणि क्षमतेची नोंद) मजकुराच्या आधी, त्याच तुकड्यात बसतं आणि वापरणाऱ्याच्या हाती मजकुराचा पॉइंटर येतो, त्यामुळे तो थेट प्रिंटएफला देता येतो. छोट्या स्ट्रिंगसाठी एसडीएसचं हेडर ३ बाइटांत उरकतं. मोह होतो, पण तिथली ग्यानबाची मेख अशी की जोडणी केल्यावर पॉइंटर बदलू शकतो आणि परत आलेली किंमत साठवायला कुणी विसरलं तर जुना, मोकळा केलेला पॉइंटर वापरात राहतो. कंपायलर त्यावर काही बोलत नाही. आपण पहिली रचना घेतली.

वाढ: १ एमबीपर्यंत दुप्पट, त्यापुढे दर वेळी १ एमबी जास्तीचा. एसडीएसही हेच करतं. लॉगच्या ओळी काही शे बाइटांच्या असतात, त्यामुळे दुसरी पायरी क्वचितच गाठली जाते.

जोडणीच्या फंक्शनमध्ये दोन गोष्टी सक्तीच्या. लांबी + नवी लांबी + १ ही बेरीज साइझ_टी या (ऋण संख्या नसलेल्या) पूर्णांक प्रकाराच्या बाहेर जाते का, हे बेरीज करण्यापूर्वी वजाबाकीने तपासायचं. आणि स्ट्रिंग स्वतःलाच जोडली जात असेल तर रीअॅलॉकनंतर (मेमरीचा तुकडा वाढवल्यावर) स्रोताचा पॉइंटर जुन्या जागेकडे बोट दाखवत राहतो. स्रोत आपल्याच बफरमध्ये आहे का ते पाहून आधी अंतर टिपून ठेवायचं, जागा बदलल्यावर त्या अंतरावरून पॉइंटर पुन्हा काढायचा. हा दोष छोट्या चाचणीत दिसत नाही, कारण रीअॅलॉकला त्याच जागी वाढायला जागा मिळाली तर सगळं बरोबर चालतं.

१० फेब्रुवारी: फॉरमॅट करून जोडणं

व्हीएसएनप्रिंटएफ (बफरमध्ये फॉरमॅट करून लिहिणारं सी फंक्शन) दोनदा चालवायचं. पहिल्यांदा लांबी ० देऊन किती बाइट लागतील ते विचारायचं, मग जागा वाढवून खरं लिखाण. पहिल्या फेरीत व्हीए_लिस्ट (फंक्शनला दिलेल्या किमतींची यादी) खर्च होते. एक्स८६-६४वर तीच यादी दुसऱ्यांदा दिली की कचरा छापला जातो किंवा प्रोग्राम कोसळतो. गंमत म्हणजे जुन्या ३२ बिट बिल्डवर बरेचदा चालून जातं. व्हीए_कॉपी (यादीची प्रत) आणि शेवटी व्हीए_एंड, दोन्ही हवेत. परत आलेली किंमत ऋण असू शकते, ती साइझ_टीमध्ये टाकली तर प्रचंड संख्या होते.

११ फेब्रुवारी

आयझस्पेस, आयझअल्फा ही चिन्हाचा प्रकार (मोकळी जागा, अक्षर) तपासणारी फंक्शनं लायब्ररीतून काढली. एक्स८६वर सीचा ‘चार’ (कॅरॅक्टर) हा एका बाइटचा प्रकार ऋण-धन चिन्हासह असतो. देवनागरीचा पहिला बाइट २२४ तिथे −३२ होतो, आणि ऋण किंमत (फाइल संपल्याची खूण ईओएफ सोडून) या फंक्शनांना देणं मानकाच्या बाहेरचं आहे. अस्कीपुरती (मूळ इंग्रजी चिन्हांपुरती) आपलीच चार ओळींची तपासणी लिहिली.

१४ फेब्रुवारी: यूटीएफ-८ आणि क्लस्टर

तपासणीचे नियम: १९२, १९३ आणि २४५ ते २५५ हे बाइट कधीच येत नाहीत. पहिला बाइट २२४ असेल तर दुसरा १६० ते १९१ मध्येच हवा, नाहीतर तीच खूण लांबवून लिहिलेली आहे. सरोगेट (यूटीएफ-१६साठी राखलेले कोडपॉइंट) नाहीत. सर्वांत मोठा कोडपॉइंट १११४१११. देवनागरीचा मूळ खंड यू+०९०० ते यू+०९७एफ (‘यू+’नंतर सोळाच्या पायातला युनिकोड क्रमांक), म्हणजे पहिला बाइट कायम २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. चुकीच्या जागी यू+एफएफएफडी हे बदली-चिन्ह टाकतो, आणि अर्धवट राहिलेल्या क्रमाला एकच, प्रत्येक बाइटला एक नाही.

मापं तीन ठेवली आणि तिन्हींची फंक्शनं निराळ्या नावांनी: बाइट, क्लस्टर (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा कोडपॉइंटांचा गट), घरं. नुसतं ‘लांबी’ नावाचं फंक्शन मुद्दाम दिलेलं नाही.

क्लस्टरसाठी युनिकोडच्या परिशिष्ट २९चे नियम. इथे आवृत्ती महत्त्वाची. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत जीबी९सी हा नियम आला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकाच क्लस्टरमध्ये धरली जाऊ लागली. ‘स्त्री’मध्ये ६ कोडपॉइंट आहेत. जुन्या नियमांनी ३ क्लस्टर (स्, त्, री), नव्या नियमांनी १. ‘नमस्कार’ जुन्या हिशेबाने ५, नव्याने ४. दोन लायब्ऱ्यांचे आकडे जुळत नसतील तर आधी युनिकोड आवृत्ती विचारा. आपल्या तक्त्यांच्या फाइलच्या वरच आवृत्ती लिहिली आहे आणि ती विचारणारं फंक्शनही आहे.

१९ फेब्रुवारी: रुंदी

सगळ्यात चिवट भाग. सी लायब्ररीतलं डब्ल्यूसीविड्थ (चिन्हाची रुंदी सांगणारं फंक्शन) नाकारलं. सेटलोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) न केलेल्या प्रोग्राममध्ये ते अस्कीबाहेरच्या चिन्हाला बहुधा −१ देतं, आणि लायब्ररीने स्वतः सेटलोकेल करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भांड्यांची जागा बदलणं. ते पूर्ण प्रोसेसला लागू होतं, दशांश चिन्हसुद्धा बिंदूचं स्वल्पविराम होऊ शकतं आणि प्रोग्रामने लिहिलेली आकड्यांची फाइल बिघडते.

आपला तक्ता: पूर्व आशियाई रुंदीच्या परिशिष्ट ११मध्ये रुंद किंवा पूर्णरुंद असलेल्या चिन्हांना २ घरं, जागा न व्यापणाऱ्या खुणांना ०, अदृश्य फॉरमॅट चिन्हांना ०, बाकीच्यांना १. मऊ संयोगचिन्ह यू+००एडी फॉरमॅट गटात असूनही त्याला १.

देवनागरीत मेख पडते ती मात्रांशी. उकार, एकार, अनुस्वार, हलन्त या जागा न व्यापणाऱ्या खुणा, त्यांच्याबद्दल वाद नाही. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग युनिकोडमध्ये जागा व्यापणाऱ्या खुणा म्हणून नोंदलेले आहेत. त्यांना काही टर्मिनल १ घर देतात, काही ०. म्हणून ‘नमस्कार’ कुठे ६ घरांचा, कुठे ५. चित्रचिन्हांचंही तेच. जोडक यू+२००डीने (अदृश्य जोडचिन्हाने) जोडलेलं तीन माणसांचं कुटुंब एखाद्या टर्मिनलवर २ घरं घेतं आणि दुसऱ्यावर ६.

तक्ता कितीही नेटका केला तरी टर्मिनलचं मत वेगळं असेल तर उपयोग नाही. म्हणून मोजणीचा पर्याय दिला: कर्सर पहिल्या घरात, नमुना छापायचा, ⎋[६एन (‘कर्सर कुठे आहे?’) पाठवायचं. उत्तर ⎋[ओळ;घरआर (शेवटी इंग्रजी मोठं आर) असं येतं, घराच्या आकड्यातून १ वजा केलं की रुंदी. सुरू होताना तीन नमुने पुरतात: ‘की’, ‘स्त्री’ आणि एक जोडलेलं चित्रचिन्ह. मोजण्याआधी टर्मिनलचा ओळवार मोड आणि प्रतिध्वनी दोन्ही बंद करावे लागतात, नाहीतर उत्तर एंटर दाबेपर्यंत अडकतं आणि पडद्यावरही उमटतं. काही टर्मिनल उत्तरच देत नाहीत, त्यामुळे वेळमर्यादा हवी. वापरणाऱ्याने आधीच दाबलेल्या कळा उत्तराच्या आगेमागे येतात. त्या फेकून न देता परत द्यायच्या. एवढा खटाटोप प्रत्येक प्रोग्रामला नको, म्हणून मोजणी मागितली तरच होते.

२० फेब्रुवारी

तक्त्यातले स्तंभ सरळ ठेवायला आणखी साधा उपाय. पुढचा स्तंभ मोकळ्या जागा भरून गाठण्याऐवजी ⎋[२५जी पाठवायचं, कर्सर थेट २५व्या घरात जातो. आधीच्या स्तंभाची रुंदी एका घराने चुकली तरी चूक पुढे सरकत नाही. मर्यादा दोन. उडी मारलेल्या भागात पार्श्वभूमीचा रंग भरला जात नाही, आणि आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर हे चालत नाही. तिथे मोकळ्या जागाच.

२४ फेब्रुवारी: शैलीतून कोड

लेखक-फंक्शन ‘आत्ताची स्थिती’ आणि ‘हवी असलेली स्थिती’ यांतला फरक काढून तेवढेच कोड लिहितं. यामुळे एकात एक शैलींचा जुना प्रश्न निघतच नाही. कोड चिकटवणाऱ्या पद्धतीत लाल वाक्यातला निळा शब्द संपला की ⎋[३९एम येतो, आणि त्याचा अर्थ ‘टर्मिनलचा मूळ रंग’. लाल परत येत नाही, वाक्याचं शेपूट बिनरंगी राहतं. चॉक ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आतल्या समाप्ती-कोडांच्या जागी बाहेरचा रंग पुन्हा उघडून हे सांभाळते. फरक काढणाऱ्या पद्धतीत ते आपोआप होतं.

ठळक (१) आणि फिका (२) दोघांना बंद करणारा कोड एकच, २२. ठळक+फिका या स्थितीतून फक्त ठळक हवं असेल तर २२;१ असं दोन्ही पाठवावं लागतं. ठळक बंद करायला २१ वापरू नका, मानकात तो दुहेरी अधोरेखनाचा आहे.

ओळ संपण्यापूर्वी पार्श्वभूमी बंद करायची आणि पुढच्या ओळीत पुन्हा उघडायची. पडदा वर सरकताना अनेक टर्मिनल नवी ओळ चालू पार्श्वभूमीने भरतात, म्हणून एका शब्दाची लाल पट्टी उजव्या कडेपर्यंत पसरते. हा दोष पडदा रिकामा असताना दिसत नाही, तळाशी पोचल्यावरच दिसतो. ओळीचा शेवट दोन बाइटांचा (१३, १०) असेल तर कोड १३च्या आधी.

२६ फेब्रुवारी: रंग द्यायचा की नाही

क्रम असा ठरला. प्रोग्रामच्या आदेशओळीवरचा स्पष्ट पर्याय सर्वांत वर. मग नो_कलर: हा पर्यावरण-चल (शेलकडून प्रोग्रामला मिळणारी किंमत) असेल आणि रिकामा नसेल तर रंग बंद, त्याची किंमत ‘०’ असली तरीही. मग फोर्स_कलर (रंग सक्तीने चालू). मग आयझॅटी (आउटपुट टर्मिनलवर जातंय का याची तपासणी), आणि तीही ज्या प्रवाहावर लिहायचं त्याचीच. सामान्य आउटपुट पाइपमध्ये आणि त्रुटी पडद्यावर, ही रोजची परिस्थिती आहे. एकाची तपासणी करून दोघांना रंग देणाऱ्या साधनांमुळेच लॉग फाइलमध्ये कंसांचा कचरा साचतो. टर्म या (टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या) चलाची किंमत ‘डंब’ असेल तर रंग नाही.

किती रंग, हे कलरटर्मवरून (‘ट्रूकलर’ किंवा ‘२४बिट’), नाहीतर टर्मच्या नावातल्या ‘२५६कलर’वरून. एसएसएचवर टर्म पलीकडे जातं, कलरटर्म वेगळी सोय केल्याशिवाय जात नाही. दूरच्या यंत्रावर रंग फिके का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

अंदाज करून ३८;५ (२५६ रंगांचा कोड) पाठवणं धोक्याचं. ज्या टर्मिनलला ते कळत नाही ते तीन वेगळे कोड समजून वाचू शकतं. ३८;५;१ मधला ५ म्हणजे लुकलुकणं, १ म्हणजे ठळक. रंग राहिला बाजूला, मजकूर डोळे मारायला लागतो.

१ मार्च: २४ बिट रंगांवरून २५६ रंगांवर

०–१५ हे क्रमांक लक्ष्य म्हणून वापरायचे नाहीत, ते थीमप्रमाणे बदलतात. १६–२३१ हा ६×६×६चा घन, क्रमांक = १६ + ३६×लाल + ६×हिरवा + निळा. पण पायऱ्या समान नाहीत: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. ‘किंमत × ६ ÷ २५६’ हे सर्रास दिसणारं सूत्र त्यामुळे चुकतं. ९० ला ते २ देतं, म्हणजे १३५, खरी जवळची पायरी ९५. २३२–२५५ करड्या छटा, ८ पासून दहा-दहाने २३८ पर्यंत. (९०, ९०, ९०) साठी घनातला जवळचा ५९ (९५), करड्यातला २४० (८८). अंतर ५ विरुद्ध २, म्हणून २४०. दोन्हीकडे शोधून कमी अंतराचा घ्यायचा.

सोळा रंगांत उतरताना ९० (उजळ काळा) दुय्यम मजकुराला वापरायचा मोह आवरावा. सोलराइज्ड या रंगसंचाच्या गडद थीममध्ये तो पार्श्वभूमीचाच रंग आहे, मजकूर नाहीसा होतो. त्यापेक्षा फिका (२) बरा.

५ मार्च: कोड काढून टाकणं

दुसऱ्या प्रोग्रामकडून आलेल्या मजकुरातले कोड काढणारं फंक्शन. ‘एमने संपणारं सगळं’ हा नमुना अपुरा आहे. खरी व्याख्या: ⎋[, मग ४८–६३ मधले कितीही बाइट, मग ३२–४७ मधले कितीही, शेवटी ६४–१२६ मधला एक. शिवाय दुव्यांसाठीचा ⎋]८ क्रम, जो बाइट ७ने किंवा ⎋\ने संपतो. तो सोडला तर दुव्याचा पूर्ण पत्ता रुंदीत मोजला जातो.

आता देवनागरीला थेट भिडणारी गोष्ट. जुन्या मानकात ⎋[ ऐवजी एकच बाइट १५५ चालतो, ⎋] ऐवजी १५७, ⎋\ ऐवजी १५६. काही लायब्ऱ्या हे बाइटही ओळखतात. पण यूटीएफ-८मध्ये छचा तिसरा बाइट १५५, जचा १५६ आणि झचा १५७! बाइटवार चालणाऱ्या यंत्रणेला ‘माझे राज्य’ दिलं की ‘झ’पाशी क्रम ‘सुरू’ होतो, ‘ज’पाशी ‘संपतो’, मधलं सगळं गिळलं जातं. उरतं ‘मा’, झचे अनाथ झालेले २२४ १६४, आणि ‘्य’. इंग्रजी मजकुरावरच्या चाचण्या हे कधीच पकडणार नाहीत.

आपल्याकडे आधी यूटीएफ-८ उलगडतो, मग कोडपॉइंटवर निर्णय. यू+००९बी खरोखर कोडपॉइंट म्हणून आला (बाइट १९४ १५५) तरच त्याला नियंत्रण-चिन्ह मानतो. छ, ज, झ, ट आणि ऐ (शेवटचे बाइट अनुक्रमे १५५, १५६, १५७, १५९, १४४) चाचणीसंचात कायम.

६ मार्च

फाइलींची नावं, नेटवर्कवरून आलेल्या ओळी, वापरणाऱ्याने भरलेला मजकूर: हे स्ट्रिंगमध्ये घेताना नियंत्रण-चिन्हं दिसतील अशी करायची (⎋ च्या जागी यू+२४१बी). नाहीतर एखाद्या फाइलचं नाव खिडकीचं शीर्षक बदलू शकतं, आणि काही टर्मिनलवर ⎋]५२ने क्लिपबोर्डमध्येही लिहू शकतं. शैली वेगळी ठेवल्याचा इथे फायदा झाला. मजकुरात एस्केप नसणं हा आता साधा नियम आहे, आपले कोड आणि परके कोड ओळखत बसावं लागत नाही.

११ मार्च: कापणं, आणि शैलीची हद्द

कापणं घरांत मोजून, क्लस्टरच्या सीमेवर. पुढे ‘…’ लावायचं तर त्याचं एक घर आधी वजा. एकच घर उरलं आणि पुढचा क्लस्टर दोन घरांचा असेल तर ते घर मोकळं सोडायचं. टॅबची रुंदी जागेवर ठरते, ८ − (घर मोड ८), त्यामुळे मांडणीआधीच टॅब उलगडतो.

शैलीची हद्दही क्लस्टरच्या मधोमध पडता कामा नये. ‘स्त्री’मध्ये ‘स’ शोधून तेवढाच रंगवला तर एस्केप कोड जोडाक्षराच्या पोटात घुसतो, फॉन्टला पुढचं अक्षर दिसत नाही आणि ‘स’ एकटा किंवा हलन्तासह सुटा उमटतो. ग्रेप या शोधसाधनाचं रंगीत आउटपुट जुळलेल्या मजकुरालाच कोड लावतं, तिथे हेच घडतं. आपण हद्द दोन्ही बाजूंनी पूर्ण क्लस्टरपर्यंत पसरवतो. जुळणी एका अक्षराची आणि रंग अख्ख्या जोडाक्षराला, हे तत्त्वतः सैल आहे, पण वाचता येतं.

१३ मार्च: बाहेर पडणं

एक ओळ एका राइटमध्ये (सिस्टीमच्या लिहिण्याच्या एका हाकेत). धागे (एकाच वेळी चालणारे प्रोग्रामचे भाग) अनेक असले तर एकाचा रंग दुसऱ्याच्या ओळीवर सांडतो, ते यामुळे टळतं. पाइपमध्ये पाइप_बफपर्यंतचं लिखाण अखंड जातं. पॉझिक्स या युनिक्स मानकाची हमी किमान ५१२ बाइटांची, लिनक्सवर ४०९६.

कंट्रोल-सी रंगाच्या मध्यात आलं तर शेलचा प्रॉम्प्ट रंगीत राहतो. सिग्नल-हँडलरमधून (असा व्यत्यय आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून) ⎋[०एम हे ४ बाइट राइटने लिहायचे, प्रिंटएफने नाही, ते तिथे सुरक्षित नाही. हँडलर आपण लावत नाही, फक्त फंक्शन देतो.

विंडोज १० पासूनच्या कन्सोलला आउटपुट मोडमध्ये ४ ही किंमत असलेला बिट लावला की हे कोड कळतात. आधीचा मोड वाचून त्यात बिट मिळवायचा, नुसता ४ लिहायचा नाही, आणि बाहेर पडताना जुना मोड परत ठेवायचा. मोड वाचता आला नाही तर ते कन्सोल नाही, म्हणजे रंग नाही.

१८ मार्च: तुलना

‘दुसऱ्या’ दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात ऱ (यू+०९३१) + हलन्त + य, दुसऱ्यात र + हलन्त + जोडक यू+२००डी + य. पडद्यावर एकच, बाइट वेगळे, आणि एनएफसी या (समतुल्य लेखनं एकरूप करणाऱ्या) युनिकोड सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य नाहीत. र + नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) मात्र एनएफसीत ऱ होतो. उलट क़ साठीचा स्वतंत्र कोडपॉइंट यू+०९५८ एनएफसीत क + नुक्ता असा फुटतो. ‘एनएफसी म्हणजे जोडून लिहिणं’ असं गृहीत धरून लांबी आधीच ठरवली तर बफर कमी पडतो.

साठवलेले बाइट बदलायचे नाहीत. शोधासाठी वेगळी किल्ली बनवणारं फंक्शन दिलं: नुक्ता सुटा, दुसरी ऱ्य पहिल्या रूपात. जोडक सरसकट काढून टाकत नाही, तसं केलं तर ‘र्‍य’चं ‘र्य’ होतं आणि दर्या व दऱ्या एकच ठरतात.

२१ मार्च

फझिंग (यादृच्छिक इनपुटचा मारा) अॅड्रेस-सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनासह) चालू. तपासण्याचे नियम तीन: कोड काढलेलं आउटपुट मूळ मजकुराशी बाइट-बाइट जुळलं पाहिजे, कापलेल्याची रुंदी मर्यादेबाहेर जाता कामा नये, आणि शेवटची शैलीस्थिती शून्य असली पाहिजे. पहिला नियम टॅब नसलेल्या आणि स्तंभ-उडी बंद ठेवलेल्या इनपुटवरच लागू. अपेक्षित आउटपुटच्या फाइलींत ⎋ ऐवजी यू+२४१बी लिहितो, म्हणजे फरक पाहताना टर्मिनल रंगून जात नाही.

बाकी: उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची मांडणी हाती घेतलेली नाही, आणि यू+एफई०एफने (चित्ररूप निवडणाऱ्या चिन्हाने) रुंद होणाऱ्या चिन्हांसाठी मोजणीत चौथा नमुना घालायचा आहे.